पेट्रोलच्या टाकीचं तोंड

पुंजाराम माहे भाटवे, म्हणजे माह्या मोठ्या बहिणीचे, मैनाबाईचे मालक. परतवाड्यात गाड्यायच्या बॉड्या बनवतेत. पत्रा त्यायचं ऐकते, असं सारे म्हणतेत. पन त्याच हातानं मैनाबाईचं एक काम झालं नाई, याचा मले अजून राग येते.

त्यायची सोताची एक जुनी पिकअप हाये. लग्नानंतरच्या वर्षी भंगारातून आणली. सडका पत्रा कापला, केबिन अन् मागचा हौदा हातानं ठोकून नवा केला. टाकी मात्र जुन्याच जागी, केबिनमधी सीटच्या मागं, अन् तिचं तोंड डाव्या दरवाज्याजवळ. पेट्रोल टाकलं का वास सरळ पुढच्या सीटवरच्या माणसाच्या नाकात. मैनाबाई बसली का गाव सुटाच्या आत मळमळ सुरू. म्हणून दरवर्षी रिद्धपूरले दर्शनाले जाचं, तं ते एसटीनं जाये अन् मालक गाडीनं.

टाकी मागं हौद्याखाली न्या, एवढंच तिचं म्हणणं. भाऊजी म्हणत, पाहू दिवाळीनंतर. खरी गोष्ट अशी, का त्यासाठी हौद्याच्या बाजूले भोक पाडा लागे अन् केबिनचं जुनं भोक बुजवा लागे. आपण घडवलेल्या पत्र्याले ग्राइंडर लावाले त्यायचा जीव होत नोता. लोक गाडीचा फोटो काढाले येत, अन् हे फुगत. बहिणीचे केस पिकले, टाकी जागची हालली नाई.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीच्या चिंतामण वकिलायनं पोरीच्या पाठवणीसाठी हे गाडी ठरवली. पोरगी, अश्लेषा, पाहाले आली. पुढं बसली, नाकाले ओढणी लावली अन् म्हणाली, काका, पेट्रोलचा वास येतो हो. झालं! दुसऱ्याच दिवशी भाऊजीनं ग्राइंडर काढला. टाकी हौद्याखाली गेली, तोंड मागच्या चाकाच्या वर, त्याच्यावर पत्र्याचं झाकण. रंग मारल्यावर झाकण कुठं हाये ते सापडे नाई. गाडी पहिल्यापेक्षा देखणी झाली, हेच तं वाईट झालं बाप्पा.

लग्न पार पडलं. मंग रिद्धपूरले जाचा दिवस आला. भाऊजीनं गाडी धुतली, डावा दरवाजा उघडून उभे राहिले.

"बस," म्हणाले, "आता वास नाई."

मैनाबाईनं आत वाकून पाह्यलं. वास खरंच नोता.

"वकिलाच्या पोरीनं एकदा सांगतलं," ते म्हणाली. "मी तं नवी नवरी होती तवापासून सांगून राहिली."

आवाज चढवला नाई. पिशवी उचलली अन् स्टँडकडे निघाली. मी तिच्यासंगं होतो.

एसटीच्या मागच्या काचेतून पाह्यलं, तं भाऊजी गाडी घेऊन मागून येऊन राहिले होते. पार रिद्धपूरपर्यंत. पुढची सीट रिकामी. माह्या मनात राग होता, तरी माहा जीव तुटला. मंदिराबाहेर माह्याजवळ आले अन् खाली पाहत म्हणाले, "श्याम, पत्रा कापाले अर्धा दिवस लागला रे. अर्धाच दिवस."

वापसीलेबी मैनाबाई एसटीतच चढली.