सुकेशनीच्या विंडो

मेडशीची सुकेशनी घरी बसून पुस्तकांचं मुद्रितशोधन करते. लॅपटॉपला तिनं एक मोठा मॉनिटर जोडलाय. मॉनिटरवर लेखकाचं हस्तलिखित आणि लॅपटॉपवर टाइप केलेला मजकूर, अशी तिची मांडणी. पण विजेची लाइन गेली की मॉनिटर बंद पडायचा आणि सगळ्या विंडो लॅपटॉपवर एकमेकींवर चढायच्या. लाइन आल्यावरही त्या तिथंच राहायच्या. दिवसातून पाच-सहा वेळा ती त्या ओढून जागेवर लावायची. जेवतानाही तिचं लक्ष पंख्याकडे असायचं; तो जरा मंदावला तरी ती ताटावरून उठून लॅपटॉपकडे धावायची.

एकदा त्या गडबडीत तिनं अकरा पानं मजकुराच्या जुन्याच, रद्द झालेल्या फाइलमध्ये तपासली. ती रडकुंडीला आली.

"काहून एवढी जिवाले लावून घेऊन राह्यली?" वडील पंजाबराव म्हणाले. "कोनती वस्तू कुठं होती, हे त्या कंप्युटरले ध्यानात ठेवता येत नाही काय?"

"तुमाले काय समजते बाबा!" ती चिडली. पण मग तिनं डिस्प्लेच्या सेटिंग उघडल्या. मॉनिटर जोडल्यावर विंडोंच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय तिथं होता. तिनं त्यावर खूण केली.

चार वाजता लाइन गेली. वीस मिनिटांनी आली, आणि हस्तलिखित आपोआप मॉनिटरवर गेलं. विंडो ओढायला सवयीनं माउसवर गेलेला सुकेशनीचा हात मात्र बराच वेळ तिथून हटेना.