फरव्याच्या खिशात

सुमनताई गेल्या हे सांगणारा फोन आला तेव्हा मी ड्यूटी संपवून खोलीवर दोघींचा चहा ओतत होते. सुट्टी असो नसो, चार वाजता त्या माझ्याकडे यायच्याच. त्या दिवशी दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत... मी वेड्यासारखा दुसरा कपही भरला, आणि तोही मीच प्यायले. त्याला आता सहा आठवडे झाले.

सौदीतल्या या बुरैद्याच्या इस्पितळात त्यांनी बावीस वर्षं नर्सची नोकरी केली. नवरा अकाली गेला, तेव्हा तीन वर्षांच्या निखिलला वाईला बहिणीकडे ठेवून बाई इथे आली. वर्षातून एक महिना घर. एरवी इथून जो कोणी रजेवर निघेल त्याच्या बॅगेत इथल्या मऊ सुकरी खजुराचा डबा. निखिल त्याला हातही लावायचा नाही. नऊ वर्षांचा असताना फोनवर म्हणाला होता, ‘मला खजूर नको, तू ये.’ हे मला सांगताना ताई हसत होत्या, पण हातातल्या चादरीची घडी काही केल्या जमत नव्हती. पुढे तो नोकरीला अमेरिकेत इंडियानापोलिसला गेला आणि त्याचे फोन ‘बरं’, ‘ठीक’, ‘ठेवतो’ एवढ्यावर आले.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात रजा मिळाली. माझा भाऊही त्याच गावात, म्हणून त्यांनी मलाही ओढलं. एकटीने लेकासमोर उभं राहायचा धीर होत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. थंडीसाठी बाजारातून फरवा घेतला, आतून लोकर लावलेला, इथले बापये घालतात तो पायघोळ झगा. अहो ताई, हा पुरुषांचा, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या की थंडी काय माणूस बघून लागते का! अमेरिकेत तो घालून फिरणार या विचारानेच मी अर्धी मेले होते.

पण त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणीच बघत नव्हतं. नाताळ आठवड्यावर आलेला. शहराच्या मधोमध गोल चौक, त्यातल्या उंच स्मारकाच्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत दिव्यांच्या माळा सोडलेल्या, आणि त्यातून बर्फ इतका सावकाश पडत होता की तो खाली येतोय की आपण वर चाललोय कळेना... कुठेतरी साखरेत बदाम भाजत होते. लाल टोप्या घातलेली मुलं गात होती. घोडागाडी गेली तीही आवाज न करता. निखिल दोन पावलं पुढे, एखाद्या गाइडसारखा हे अमुक, ते तमुक दाखवत होता. हातमोजे विसरलेला, बोटं लालबुंद. ताईंनी त्याचा हात धरला आणि फरव्याच्या खिशात घातला. मला वाटलं, आता हिसका देणार. त्याने दिला नाही. निम्मा चौक तसाच चालला. मग हात बाहेर आला तो खजूर घेऊन. वॉर्डातल्या पोरांसाठी ताईंच्या खिशात तो नेहमी असायचाच. बराच वेळ त्याने तो नुसता धरून ठेवला. मग खाल्ला.

‘अजून आहे?’ त्याने विचारलं.

ताई रडल्या, अगदी पोटभर. त्या चौकाला आम्ही किती फेऱ्या मारल्या देव जाणे. निघू या, असं कुणीच म्हणेना.

निघताना ताईंनी एकच मागणं केलं, एकदा बुरैद्याला ये, मी कुठे राहिले ते बघून जा. पुढच्या वर्षी नक्की, तो म्हणाला. फोनवरचं बोलणं वाढलं, आणि त्या फोनांवर ताई खूश होत्या. येणं मात्र लांबत गेलं. ताईंचा देह वाईला पोचवला तेव्हा तो तिथे हजर होता, इथे नाही.

परवा त्याचा फोन आला, फरवा आहे का म्हणून. म्हटलं, आहे, खिसा चिकट झालाय, धुऊन पाठवते.

‘धुऊ नका, मावशी. पाठवूही नका. मी न्यायला येतो.’

खरं सांगते, राग आला. आता येतोस होय रे? पण तोंडाने विचारलं एवढंच, कधी? नाताळच्या सुट्टीत येतोय. फरवा माझ्या दारामागे टांगलाय. काल बाजारातून सुकरी आणली आणि खिसा भरून ठेवला. त्याला काही सांगणार नाही. हात घालेल तेव्हा कळेल.