शेळीच्या दुधाचं पंचामृत

शेजारच्या देशांनी कतारच्या सीमा बंद केल्या, त्या आठवड्यात माझी श्रद्धाही डळमळली होती. दुकानांतलं दूध एका दिवसात संपलं. नाशिकहून मामाचे फोन सुरू झाले, "ताई, पोराला घेऊन निघ. ते भांडण आपलं नाही." बाबा वर्ल्ड कपच्या स्टेडियमवर क्रेन चालवायचे, सामान अडकलं तर काम राहील का, कुणालाच ठाऊक नव्हतं. मला मात्र दोह्यातच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आमच्या घराण्यात पहिल्यांदाच. त्यासाठी बोललेला सत्यनारायण पौर्णिमेला करायचा आणि मग निघायचं, असं आईने ठरवलं. बॅगा भरल्या, पण पंचामृताला दूधच मिळेना.

पौर्णिमेच्या सकाळी आमची कतारी घरमालकीण उम्म खालिद बरणी घेऊन दारात उभी. रमजान होता, तिचा रोजा होता. आई पूजेसाठी दूध शोधतेय हे तिला कुणी सांगितलं, अजून माहीत नाही. मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारा बकरी का है. तुम्हारा भगवान को चलेगा?" मग बरणी आईच्या हातात देत, "मेरा अम्मा बीमार है, उधर सौदी में. रास्ता खलास. दुआ में बोलना."

बाबा ड्यूटीवर, म्हणून पाटावर मी बसलो. गुरुजी नाशिकहून फोनवर.

"दूध गाईचंच ना?"

"शेळीचं आहे. देवानं धाडलंय. तुम्ही पुढचं सांगा," आई म्हणाली.

संकल्पात आपण कोणत्या भूमीवर बसलोय ते सांगायचं असतं. गुरुजींनी नेहमीसारखा गोदावरीचा तीर सांगितला. आजवर मीही तेच म्हणत आलो होतो. त्या दिवशी जीभ वळेना.

"गुरुजी, मी दोह्यात बसलोय. तेच म्हणू का?"

पलीकडून गुरुजी म्हणाले, "म्हण. पत्ता खरा दिलेला बरा."

मी दोहा म्हणालो, आणि आमच्याबरोबर उम्म खालिदच्या आईसाठीही आरोग्य मागितलं.

संध्याकाळी आम्ही प्रसाद घेऊन उम्म खालिदकडे गेलो. अजान झाल्यावर तिने खजूर खाऊन रोजा सोडला आणि त्यावर आमचा शिरा खाल्ला. घरी येऊन आईने मामाला फोन लावला. "आम्ही इथंच राहतोय. जिच्या घरचं दूध देवाला चाललं, तिला अडचणीत सोडून कशी निघू?"

सीमा उघडायला काही वर्षं गेली. तोवर बाबांचं स्टेडियम उभं राहत आलं होतं. रस्ता मोकळा झाला त्याच आठवड्यात उम्म खालिद सौदीत जाऊन आपल्या आईला भेटून आली. यातलं काय संकल्पामुळे झालं, मला सांगता येणार नाही. शरण जायचं तर आपण आहोत तिथूनच जावं, एवढं मात्र कळलं. या शहराच्या कठीण दिवसांत मी इथला म्हणून देवापुढे बसलो, याचा अभिमान वाटतो. आणि त्यानेच तसं बसवून घेतलं, हे त्याचे उपकार.