चाचांचं अर्थिंग चांगलं होतं

राजुऱ्याच्या शकूरचाचांनी मला ठेवून घेतलं. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल. सिरोंच्याकडच्या माझ्या गावातून निघालो तेव्हा मला मराठीसुद्धा धड येत नव्हती — अर्धी तेलुगू, अर्धे हातवारे. चाचा वायरमन. पक्कड कशी धरायची इथपासून त्यांनी शिकवलं. मलेरिया झाला तेव्हा चाचींनी उशाशी बसून खिचडी भरवली. माझ्या आईला त्याच फोन लावायच्या, पोरगा बरा आहे म्हणून सांगायच्या. आईला त्यांची हिंदी कळायची नाही, तरी दोघी बराच वेळ बोलायच्या.

आता जे सांगतो ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

पहिल्या दिवशी चाचांनी विचारलं होतं, किती शिकला. मी म्हटलं, दहावी पास. खरं म्हणजे सातवी, तीही पुरी नाही. स्विचबोर्ड बसवायला इंग्रजी कोण विचारतं, असं वाटलं होतं. पण चाचांना स्वतःला वाचता येत नव्हतं, आणि त्यांना माझं फार कौतुक झालं. ज्या घरी कामाला जाऊ तिथे सांगायचे, "हा माझा मल्लेश. इंग्रजी वाचते." जेवायला बसलो की चाची म्हणायच्या, "या इंग्रजीवाले साहेब, अजून एक रोटी वाढू का?" मी हसायचो. पण कधीतरी कोणीतरी कागद पुढे करणार, ही भीती मी कामाच्या पिशवीसोबत रोज घेऊन फिरायचो.

तो कागद शेवटी चार्जरचा निघाला.

चंद्रपूरच्या एका डॉक्टरबाईंनी विजेवर चालणारी गाडी घेतली. घरच्या भिंतीवर चार्जर लागला. त्याच्यासाठी वेगळं अर्थिंग हवं होतं, ते चाचांनी केलं. अर्थिंग म्हणजे जमिनीत खोल पुरलेला पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. कुठे वीज फुटली तर माणसाच्या अंगातून न जाता ती त्या वाटेने मातीत जाते. चाचांना या कामाचा अभिमान होता. अभिमान तरी काय — बाकी वायरिंग ते मला करू द्यायचे, अर्थिंगचा खड्डा मात्र स्वतः भरायचे. म्हणायचे, "लाइट गेला तर लोक शिव्या देते. अर्थिंग गेलं तर माणूस जाते."

मे महिन्यात तो चार्जर बंद पडू लागला. बाई दुपारी ड्युटीवरून येऊन गाडी लावायच्या, आणि थोड्याच वेळात लाल दिवा, पडद्यावर एक आकडा. कंपनीचा माणूस नागपूरहून यायला वेळ लागणार होता. बाईंनी चाचांना बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा त्या पुन्हा निघायच्या घाईत होत्या. चार्जरचं पुस्तक चाचांच्या हातात देऊन म्हणाल्या, "चाचा, कोणत्या आकड्याचा काय अर्थ ते सगळं यात आहे. मले पेशंट आहे, तुम्हीच पाहून घ्या."

चाचांनी पुस्तक उलटंसुलटं पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. "घे साहेब. तुझं काम."

आकडा मला सापडला. त्याच्यापुढे इंग्रजीत एक ओळ होती. अक्षरं ओळखत होतो, अर्थ लागत नव्हता. त्याच पानावर खाली अर्थिंगची खूण छापली होती — एकाखाली एक लहान होत गेलेल्या तीन रेघा. ती खूण मला माहीत होती. त्या पानावर मला माहीत असलेलं तेवढंच होतं. फोनवर फोटो काढून अर्थ पाहता आला असता. पण चाचा समोर उभे होते, आणि दहावी पास पोरगा एका ओळीसाठी फोन काढतो का?

मी म्हटलं, "अर्थिंग खराब आहे म्हणते."

पिशवीतून बल्ब काढून चाचांनी एक वायर लाइनला आणि एक अर्थिंगला लावली. बल्ब पेटला, पण जरा पिवळा. असा पिवळा पेटला तर दोन गोष्टी असू शकतात — अर्थिंग खराब, नाहीतर मुळात लाइनच कमी येते आहे. हे चाचांनीच मला शिकवलं होतं. अर्थिंगची वायर काढून ते न्यूट्रलला, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेला, लावायला निघाले. तिथेही बल्ब पिवळाच पेटला, तर दोष लाइनचा, अर्थिंग निर्दोष. एका मिनिटाचं काम.

मी म्हटलं, "काऊन वेळ घालवता चाचा? पुस्तकात लिहूनच आहे ना."

त्यांचा हात थांबला. बल्ब गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवला. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. "कंपनीले माह्यापेक्षा जास्त समजत असंल."

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, चूक झाली, पोरगा घाबरला होता. मीही स्वतःला खूप दिवस असंच सांगितलं. पण गोष्ट इथे संपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही खोदायला सुरुवात केली. मे महिन्यातली चंद्रपूरची जमीन — पहार मारली की हाताला झिणझिण्या येतात. चाचांची साठी उलटलेली. मी म्हणत होतो मी खोदतो, ते म्हणत होते खराबी माझी, खोदीन मीच. गुडघाभर झाल्यावर पाणी प्यायचं म्हणून मी घरामागे गेलो. पुस्तक माझ्या पिशवीत होतं. काय वाटलं कोण जाणे, त्या ओळीचा फोटो काढला आणि फोनला अर्थ विचारला.

पुरवठ्याचा दाब कमी. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

एवढंच. दुपारी गल्लीतले सगळे कूलर, एसी चालू, म्हणून लाइन कमी. चार्जर बरोबर होता, चाचा बरोबर होते. अर्थिंगचा आकडा वेगळाच होता, दोन ओळी खाली.

मी फोन खिशात टाकला. परत आलो. चाचांच्या हातातून पहार घेतली आणि खोदू लागलो.

हेच ते. हेच मला सांगायचं होतं. मला माहीत होतं, आणि मी खोदत राहिलो.

दुपारच्या आत पाइप उघडा पडला. चाचा खड्ड्यात उतरले. क्लॅम्प पुसून पाहिला, वायर ओढून पाहिली, कोळसा मुठीत दाबला — एवढ्या उन्हाळ्यातही ओला. मग वर पाहून म्हणाले, "याच्यात तर काईच खराबी दिसून नाई राह्यली रे."

तेव्हाही सांगता आलं असतं. ते स्वतः विचारत होते. त्यांच्या नजरेत विनंती होती की कोणीतरी म्हणावं, चाचा, तुमचं काम ठीक आहे. आणि मी काय म्हटलं?

"मशीन खोटं कशाले बोलंल चाचा?"

त्यांनी मान हलवली. चांगला पाइप उपसून काढला. नवा पुरला. दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळीच गाडी लावली, सकाळी लाइन पूर्ण असते, चार्जर चालला. बाईंनी फोन करून आभार मानले. माझं खोटं खरं ठरलं.

चाचांनी मात्र त्यानंतर वेगळंच सुरू केलं. जिथे जिथे त्यांनी अर्थिंग केलं होतं, त्या घरी जाऊ लागले. सायकलीला पिशवी अडकवून, एकटे. मला म्हणाले, "जे मले चांगलं दिसलं तेच खराब निघालं. मंग बाकीचे कसे असतीन? लोकाइच्या घरी लेकरंबाळं हायेत." त्यांच्या बहिणीच्या घरी बल्ब झकास पेटला, तरी त्यांचा विश्वास बसेना, बहिणीला म्हणाले, पंप चालू असताना नळाला हात लावू नको. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. हत्यारांची पेटी माझ्या पुढ्यात ठेवली. "माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला बेटा. आता तूच कर. तू वाचतं तरी."

मी पेटी घेतली.

बाईंचा चार्जर पुन्हा दुपारी बंद पडला तेव्हा मी एकटाच गेलो. त्यांनी पुस्तक मागितलं. मी म्हटलं, हरवलं. गाडी सकाळी लावत जा, असं सांगितलं, आणि लाइनच्या तक्रारीचा अर्ज भरून घेतला. त्यांना मी हुशार वाटलो. त्यांनी माझं नाव चार जणांना दिलं. आज जंगलाकडच्या मोहर्लीच्या रिसॉर्टपर्यंत लोक मला चार्जरसाठी बोलावतात. गावी आईच्या घराला पत्रे लागले. हे सगळं त्या खड्ड्यातून आलं आहे.

आता मी चंद्रपुरात राहतो, राजुरा तिथून तासाभरावर आहे. ईदला जातो. चाचा ओट्यावर बसलेले असतात, कोणी पंखा आणून दिला तर उघडतात, आणि जोडून झाल्यावर माझ्यापुढे सरकवतात — पाहून दे म्हणून. मी पाहतो. ठीक आहे म्हणतो. ते "नक्की?" विचारतात.

का सांगितलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते लिहीत नाही. ते भित्र्या माणसाचं उत्तर आहे. माफीही मागत नाही, तुमच्याकडे तर नाहीच.

एक करणार आहे. चाचांचं ऋण माझ्यावर आहे, आणि ते फेडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. ओट्यावर त्यांच्यासमोर बसून हे सगळं सांगीन, चाचींच्या देखत. मग त्यांना गाडीवर मागे बसवून ज्या घरांची त्यांना काळजी आहे त्या प्रत्येक घरी नेईन — ते माझ्या मागे बसायला तयार असले तर. नसले तर एकटा जाईन. प्रत्येक दारात आधी माझं नाव सांगीन, मग मी काय केलं ते, आणि मग सांगीन की या घरात शकूरचाचांनी केलेलं काम बरोबर आहे.