तडसाच्या पिल्लांचा पत्ता मागू नका

वाघ बघायला मी गेले नाही. एका वाघामागे दहा जिप्स्या रांगेत आणि त्यातल्या एकीत मी, हे मला मान्य नाही. मला तडस बघायचं होतं. मेलेल्या ढोरांवर जगतं म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, ते. माझी विद्यार्थिनी रेखा म्हणाली, "म्याडम, त्यानं कुठं पिल्लं घातली ते बाबाले मालूम आहे." तिचे वडील सोमाजीभाऊ गायकी आहेत, म्हणजे अख्ख्या गावाची गुरं चारायला नेतात. शनिवारी मी कॅमेरा उचलला.

सिंदी मेघेतून वर्धा बसस्थानकापर्यंत ऑटो, तिथून आर्वीची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा कारणं सांगू नका, निघा. आर्वीत तर्री-पोहे खा, तीस रुपये. तर्री जपून मागा. पुढे तळेगावपर्यंत दुसरी बस. तिथून मी कुठे वळले ते लिहिणार नाही. माणसांची नावंही मी बदलली आहेत.

कारण मी एकदा चुकले आहे. आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर खोकडीनं पिल्लं घातली होती. मी फोटो टाकला आणि कौतुकानं पत्ताही टाकला. तिसऱ्या दिवशी तिथे बॅटऱ्या घेऊन गर्दी झाली. चौथ्या दिवशी बीळ रिकामं होतं. पिल्लं जगली की नाही, मला माहीत नाही. त्यानंतर मी कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद केली आणि स्वतःला शहाणी समजू लागले.

रात्री मुक्काम रेखाच्या घरी. रविवारी पहाटे आखरावर, म्हणजे गुरं जमतात त्या मोकळ्या जागी, सोमाजीभाऊ एका आडमुठ्या गाईला गोंडीत दटावत होते. गुरं निघाली ती पाण्याकडे सरळ नाही, लांबच्या वाटेनं. तासभर जास्त चाल.

"काऊन?" मी विचारलं.

"तिकडं लेकुरवाळी हाये. तिच्या दारातून ढोरं नेली तं ते घर बदलवते."

"गावातले काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. गायकी म्हातारा झाला, रस्ता भुलून राह्यला म्हणतात." ते हसले. "मागच्या साली बाजूच्या गावात बकऱ्या गेल्या, तं तडसाच्या बिळात धूर घातला लोकायनं. बकऱ्या कुत्र्यायनं नेल्या होत्या."

गुरं चरायला लागल्यावर त्यांनी मला नाल्याच्या अलीकडे एका झुडपाआड पोटावर झोपवलं. "खोकलू नोका," एवढंच सांगितलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली. पायांवर पट्टे, मानेवर उभी आयाळ, मागे धडपडणारी दोन पिल्लं. कुरूप म्हणणाऱ्यांनी तिला पिल्लू चाटताना बघावं आणि मग बोलावं. एक फोटो अगदी मनासारखा मिळाला: आई ताठ उभी, पिल्लू तिच्या पायांत, मागे पूर्ण उतार उजळलेला. वर्ध्यातल्या एका प्रदर्शनासाठी मला हाच हवा होता.

भाकरी खाताना मी तो सोमाजीभाऊंना अभिमानानं दाखवला. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांजवळ नेला.

"हे पुसा."

"ठिकाण त्यात नोंदलेलंच नाही, भाऊ."

"मागं दिसून राह्यलं ना सारं. गुरामागं फिरलेला कोणीबी सांगन कुठचं हाये."

"प्रदर्शनाला शहरातले लोक येतात."

"शहरातले लोक गावातल्यालेच विचारतात, म्याडम."

मी वाद घातला. वाद घालणं मला येतं, भरल्या सभांमध्ये घातले आहेत. लोकांना तडसाबद्दल प्रेम वाटायला हवं, फोटोशिवाय ते कसं वाटेल, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"फोटो तुमचा हाये. घर तिचं हाये. पाहा तुमी."

मी तो पुसला. त्याच्यामागोमाग आणखी अकरा. उरले ते फक्त चेहरे आणि गवत, मागे काहीच नाही.

त्यातलाच एक मी प्रदर्शनाला पाठवला. सोमवारी आयोजकांनी तो फोटोवाल्यांच्या ग्रुपवर टाकला आणि पहिला शेरा आला: "पार्श्वभूमी कुठे आहे? प्राणिसंग्रहालय की एआय?" मग आयोजकांचा फोन आला. गृहस्थ सभ्य आहेत.

"म्याडम, ठिकाण फक्त मला सांगा. नाहीतर लोक म्हणतील, भाषणं खरेपणाची आणि फोटो खोटा."

"म्हणू देत. माझं नाव काढून टाका."

"विचार करा. वीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

"म्हणूनच ते खर्च करायला माझ्याकडे आहे. तिच्याकडे एक बीळ आहे."

त्यांनी माझं नाव यादीतून काढलं. स्टाफरूममध्ये एकानं कोणतं सॉफ्टवेअर वापरता विचारलं, आणि बाकीचे हसले. झोंबलं, हे लपवत नाही. तुम्ही असल्या प्रवासाला निघणार असाल तर तिकीट आणि पोह्यांबरोबर हाही खर्च धरा: आपण पाहिलेलं सिद्ध न करता परत येण्याचा. तो परवडत नसेल, तर घरी बसा.

फोटो मी दिवाणखान्यात लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुठलं? मी म्हणते, वर्धा जिल्ह्यातलं. त्यापुढे माझं तोंड उघडत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना कळतं की मला ते किती जड जातं.