दात कशानं घासता?

"डॉक्टर, नसा उगवायचं इंजेक्शन द्या की. चालायला कशापायी लावताय?"

बबनभाऊ कॉरिडॉरच्या खांबाला धरून उभे होते. चाळीस पावलांतच डावी पोटरी गच्च झालेली. केजच्या एका खासगी दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. भाऊंना बर्जर नावाचा आजार होता. यात तंबाखूमुळे पायाच्या रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. जखम झाली तर पाय वाचवणं अवघड, असं आमच्या सर्जन सरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊ आणि सुमनवहिनी ऊस तोडतात. मुकादम नवरा-बायकोला मिळून एक 'कोयता' धरतो. एक बसला की दुसऱ्याचंही काम गेलं.

इंजेक्शनचं भाऊंनी मोबाइलवर पाहिलं होतं. मी सरांना विचारलं.

"ग्रोथ फॅक्टरचं? त्यावर प्रयोग चालू आहेत, खात्री नाही. तू चालव त्यांना. तंबाखू मात्र पूर्ण बंद."

मी भाऊंना समजावलं. रक्त कमी पडलं की स्नायू स्वतःच ग्रोथ फॅक्टर सोडतात. त्यानं शेजारच्या बारीक वाहिन्या रुंदावतात, काही नव्या फुटतात. म्हणून दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

"मंजे पाट बुजला तर पाणी दुसरीकडनं वळवायचं."

"अगदी तसंच."

सहा आठवडे गेले. पावलं चाळीसच. पायाचा अंगठा निळाच.

"भाऊ, बिडी?"

"सोडली."

"गुटखा?"

"न्हाई."

वहिनी म्हणाल्या, "रोज खिसे तपासते मी. काईच न्हाई."

एकदा दोघं सकाळच्या पहिल्याच जीपनं आले. भाऊंच्या हाताचं बोट काळं होतं.

"हे काय?"

"मिश्री. दात घासून तसाच निघालो."

"भाऊ, मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच!"

"मी कुठं खातो? थुकतो की."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगं बया, मीच भाजून देते!"

मी रागावलो नाही. माझी आई रोज मिश्री लावते. ऊस तोडून तिनं मला घरातला पहिला पदवीधर केलं. तरी मी फॉर्मवर फक्त बिडी आणि गुटखाच विचारत होतो.

वहिनींनी डबा उकिरड्यावर फेकला. स्वतःचीही मिश्री बंद केली.

चार महिन्यांनी भाऊ एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत न थांबता आले. सरांनी पाय तपासला. "पायाची नाडी अजून लागत नाही. पण अंगठा गरम आहे, म्हणजे रक्त पोचतंय."

यंदा कोयता हंगामाला गेला. जखम होऊ नये म्हणून भाऊंना बूट सक्तीचे केलेत. वहिनींचा फोन आला, "सायबावानी बूट घालून ऊस तोडतंय. सगळा फड हसतोय!"

आता फॉर्मवर माझा पहिला प्रश्न असतो, दात कशानं घासता? तो मी आईलाही विचारला. मी दिलेली टूथपेस्ट तिनं आठवडाभर वापरली, मग परत मिश्री. टूथपेस्ट पुन्हा आणून दिली आहे.