न झालेलं भांडण

रविवारी सकाळी फिल्म क्लबात एक जुना कृष्णधवल विनोदी सिनेमा पाहिला. एका कारकुनाला अचानक दूरच्या काकांची इस्टेट मिळते आणि त्याची प्रेयसी त्याच्याशी जी भांडायला लागते, ती थांबतच नाही. ती बशा फोडते, तो तिच्यामागे भर रस्त्यात पायजम्यावर धावतो. सगळं सभागृह खदखदून हसत होतं. मी मात्र स्वतःवरच वैतागले होते, कारण शेजारी नलू होती आणि तिला आग्रह करून मीच आणलं होतं.

नलू माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. ज्याच्याशी तिचं लग्न होणार होतं, त्याच्या वडिलांची गावाबाहेरची जमीन सोन्याच्या भावाने विकली गेली आणि सहा महिन्यांत त्या घराला नलू फार साधी वाटू लागली. पडद्यावर पैसा आला की माणसं वेडी होतात. आमच्याकडे ती शहाणी होतात, आणि त्या शहाणपणाचा मला अजून संताप येतो.

मध्यंतरात मी म्हटलं, "नलू, चल, घरी जाऊ. चुकलंच माझं."

"का गं? छान आहे की," ती रिकाम्या पडद्याकडेच बघत म्हणाली. "किती भांडतायत दोघं! आमच्याकडे तो लग्नाला नाही म्हणायला आला, तेव्हा आईने पोहे केले होते. त्याने ते संपवले, मग सांगितलं. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले."

"आणि?"

"आणि काय! त्याला 'जपून जा' म्हणाले मी."